उजव्या पट्टीतली लाल चौकट

२२ ऑगस्ट २०१७, मंगळवार

आईने आज जेवताना विचारलं, "दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढं बसून करतं तरी काय वं तू?" धम्मरत्न सरांच्या ऑफिसात लागून मला तीन वर्षं झाली, आणि हा प्रश्न तिला आज पडला. मी सांगितलं, वेबसाइटच्या पानावर ज्या वस्तू असतात त्यांना मी नावं चिकटवते. त्या नावाला क्लास म्हणतात. मग दुसऱ्या फाइलीत लिहायचं, या क्लासचं जे असेल ते निळं कर, त्या क्लासचं मोठं कर, अमुक क्लासचं झाकून टाक. आई सरकारी दवाखान्यात आया आहे. ती म्हणाली, "म्हणजे पेशंटच्या हाताले पट्टी बांधतो तसं. पट्टी पाहून पुढचे ठरवतात." अगदी तसंच. मला इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं.

आजचं कामही तेच होतं. कापूसवाल्यांसाठी एक संस्था 'पऱ्हाटी सल्ला', म्हणजे कपाशीचा सल्ला, नावाची साइट चालवते, ती आम्ही सांभाळतो. पानाच्या उजवीकडे एक पट्टी आहे. तिच्यात हवामान, सणांचे फोटो, मागच्या वर्षीचं कॅलेंडर असले डबे आहेत. कॉम्प्युटरवर बरं दिसतं, पण मोबाईलवर ते सगळं मजकुराच्या मधेच येऊन बसतं. सर म्हणाले, "दहातले नऊ लोक मोबाईलवर पाहतात. हा कचरा काढ."

मी एकेक डबा काढत बसले नाही. थीमच्या, म्हणजे सगळ्या पानांच्या साच्याच्या, कोडमध्ये चार ओळी टाकल्या. उजव्या पट्टीत जो डबा येईल त्याला आपोआप 'हाइड-मोबाईल' हा क्लास लागेल, आणि त्या क्लासचं जे असेल ते मोबाईलवर दिसणार नाही. सरांनी माझा फोन हातात घेऊन पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. "याले म्हणतात साफ काम." खूश आहे आज.

३१ ऑगस्ट, गुरुवार

विमलताई आल्या होत्या. साइटवरचा मजकूर त्या लिहितात. कृषी सहायक म्हणून निवृत्त झाल्या, पण अजून शेतकऱ्यांचे फोन त्यांनाच येतात. आल्या आल्याच म्हणाल्या, "उर्वशी, यंदा पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. फवारा उलटा तोंडावर येऊन राह्यला. मले मोठ्या लाल अक्षरात इशारा पाह्यजे."

आमचं सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान फवारणीच्या वेळापत्रकाचं. त्यात एका आठवड्यासमोर दोन औषधं आहेत, एक पांढऱ्या माशीचं, एक बोंडअळीचं. लोक एका फेरीत भागावं म्हणून दोन्ही एकाच पंपात ओततात. ताईंचा मजकूर असा: दोन औषधं एकत्र कालवू नका. त्याने जीव जाऊ शकतो. तोंडाला फडकं, हातात मोजे. पऱ्हाटी डोक्याच्या वर असेल तर फवारू नका.

ताईंना हे तक्त्याच्या वर हवं होतं. मीच म्हणाले, "तिथं टाकलं तर एकाच पानावर दिसेल. उजव्या पट्टीत टाकू, म्हणजे प्रत्येक पानावर दिसेल." त्यांना पटलं.

चौकटीला मी 'इशारा' असा वेगळा क्लास दिला. लाल कड, फिकट लाल पार्श्वभूमी, ठळक अक्षरं. ऑफिसातल्या तिन्ही पडद्यांवर लावून पाहिलं. ताई मागे उभ्या होत्या, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता आंधळ्यालेही दिसन."

१३ सप्टेंबर, बुधवार

आई दोन तास उशिरा आली. वॉर्डात खाटा पुरत नाहीत म्हणे, खाली गाद्या टाकल्यात. सगळे फवारणीवाले. उलट्या, घाम, आणि डोळ्यांसमोर धुकं. "चाळीस-चाळीस वर्षांचे धट्टेकट्टे माणसं, वं. बायकोचं तोंड दिसत नाई म्हणतात."

ऐकून जेवण गेलं नाही. ताईंनी वेळेवर इशारा टाकून घेतला हे किती बरं केलं. आज पाहिलं, फवारणीचं पान मागच्या महिन्याच्या चौपट उघडलं जातंय. निदान जे वाचतात ते तरी वाचतील.

१८ सप्टेंबर, सोमवार

अक्षर नीट येत नाही आज. तरी लिहिते.

दुपारी तीनच्या सुमारास आईचा वॉर्डातून फोन. मागे गलका. म्हणाली, "इथं आर्णीकडच्या तांड्यावरची एक पोरगी हाये, वर्षा. बाप भरती हाये तिचा, हिरासिंग. तुमच्याच साइटवर वाचून बापाले औषध सांगितलं म्हणते. मी म्हटलं, माह्या पोरीनं बनवली ते साइट, लाल चौकटीत लिहून हाये न तिथं, दोन औषधं कालवू नका. तर ते म्हणते, लाल चौकट कुठं हाये? दाखवून राह्यली मले फोन. खरंच नाई दिसत, बाई."

मी हसून म्हणाले, "तिचा फोन जुना असेल. पान पुन्हा उघडायला सांग."

"उघडलं दोनदा."

"मग नेट नसेल तिथं."

फोन ठेवला. मग सहज, अगदी सहज, स्वतःचा फोन काढून पान उघडलं. तक्ता होता. दोन औषधं होती, शेजारी शेजारी. खाली सरकवलं. आणखी खाली. पान संपलं.

मला वाटलं मी चुकीचं पान उघडलंय. पत्ता तपासला. कॉम्प्युटरवर तेच पान समोर होतं, चौकट लालभडक. हातातल्या फोनवर काही नाही. मी कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होते. मग चौकटीच्या कोडवर गेले. क्लासच्या जागी दोन शब्द. 'इशारा'. आणि त्याच्या पुढे 'हाइड-मोबाईल'.

तो मी हाताने लावला नव्हता. माझ्या चार ओळींनी लावला होता. उजव्या पट्टीत जो येईल त्याला. मीच लिहिलेलं.

मग चार ओळी पुसल्या, फाइल चढवली, फोनवर पान उघडलं. चौकट आली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

आईला मी परत फोन केला नाही. का केला नाही, माहीत नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

सरांना दार लावून सांगितलं. मग त्यांनी आकडे काढायला लावले. ३१ ऑगस्टपासून काल दुपारपर्यंत ते पान मोबाईलवरून दोन हजार तीनशे सोळा वेळा उघडलंय. कॉम्प्युटरवरून एकशे बेचाळीस, त्यातले निम्मे आम्हीच असू.

दोन हजार तीनशे सोळा.

सर म्हणाले, "दुरुस्त झालं न? मग विषय संपला. अन् हे पाह्य, लोक तसेही वाचत नाहीत. दुकानदार सांगते तेच करतात."

"सर, त्या मुलीने वाचलं होतं."

"कोणाले बोलू नको. तुह्यासाठी सांगून राह्यलो."

मी मान हलवली. खरं लिहायचं तर मला हलकं वाटलं. कोणीतरी सांगितलं गप्प राहा, मी गप्प राहिले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसले होते.

२१ सप्टेंबर, गुरुवार

संस्थेची बैठक. पत्रकार आले होते. विमलताई तावातावाने बोलल्या, "तीन आठवड्यांपासून आमच्या साइटवर इशारा हाये. प्रत्येक पानावर. लाल अक्षरात. आता लोकांनी वाचलंच नाई तर आम्ही काय करावं?" मी मागच्या खुर्चीवर होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "हिनं बनवली ते चौकट."

लोक वळून माझ्याकडे पाहायला लागले. कोणीतरी कौतुकाने मान डोलावली. मी उठून बाहेर गेले, नळाखाली तोंड धुतलं आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसले. आपण असं गप्प बसू शकतो हे मला कधी खरं वाटलं नसतं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे कळलं ते लिहिल्याशिवाय मला बसवणार नाही.

संध्याकाळी आई भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "ते वर्षा वं, तिले दिसली तुही चौकट."

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"परवा पुन्हा फोन पाह्यला तिनं. तर होती तिथंच, लालभडक. म्हणजे पहिलेपासून होतीच न. पोरीनं नीट वाचलं नाई. तेव्हापासून भिंतीले टेकून बसली हाये नुसती. मीही बोलली तिले. म्हटलं, बारावी शिकली तू, एवढं मोठं लिहून हाये, डोळे कुठं होते तुहे?"

मी दुरुस्ती केली त्याचा असा अर्थ होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी चौकट गुपचूप परत आणली, आणि त्या मुलीला वाटलं ती आधीपासून तिथंच होती. माझी चूक मी पुसली नाही. उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.

आईला सगळं सांगितलं. चार ओळी, क्लास, फोन, सर. तिला किती कळलं कोण जाणे, पण एवढं कळलं की चौकट नव्हती. ती हातातली मेथी तशीच धरून बसली. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही. म्हणाली, "मी माह्या तोंडानं त्या लेकराले बोलली." मग म्हणाली, "सोमवारीच माहीत झालतं तुले?"

"हो."

"सोमवारी." एवढंच पुन्हा म्हणाली, आणि उठून आत गेली. मेथी अर्धी तशीच राहिली.

२३ सप्टेंबर, शनिवार

आईबरोबर सकाळी दवाखान्यात गेले.

हिरासिंग खिडकीजवळच्या खाटेवर होते. मोठ्या हाडाचा माणूस, डोळ्यांवर ओला कापूस. पायाशी वर्षा. सतरा-अठराची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. मी ठरवून गेले होते की बापलेकीसमोर एकदमच सांगायचं. "मी उर्वशी, रुखमाबाईची मुलगी. ती साइट..." एवढं म्हटलं तर वर्षा झटकन उठली आणि माझा हात धरून व्हरांड्यात घेऊन आली. मला वाटलं ती मला मारणार.

ती कुजबुजली, "ताई, बासमोर काका-बिकाचं काही काढू नका. बाले अजून सांगितलं नाई."

"कोणते काका?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "भीमसिंग काका. लहाना भाऊ बाचा. दोघांनी संगंच फवारलं होतं. काकाले परस्पर नागपूरले नेलं. मागच्या शनिवारी गेला तो."

मी धूसर डोळ्यांसाठी माफी मागायला आले होते. मेलेल्या माणसाचं मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"त्यांनाही तूच..."

"तांड्यावर सगळ्यायले मीच वाचून दाखवतो. काका म्हणे, वर्षा सांगन तेच औषध आणतो." तिचा आवाज कोरडा होता, धडा म्हटल्यासारखा. "तिथं लिहून होतं, ताई. मले दिसलंच नाई. मी कितीदा आठवून पाह्यलं. मले आठवतच नाई ते चौकट."

मग मी सांगितलं. कसं सांगितलं, कोणते शब्द वापरले, काही आठवत नाही. फोन काढून दाखवायला गेले तर आता चौकट होतीच, दाखवणार काय? मग पिशवीतला ऑफिसचा कागद काढला. २२ ऑगस्टला आणि १८ सप्टेंबरला फाइलीत केलेल्या बदलांची नोंद, माझ्या नावासकट. "तुला दिसली नाही, कारण मोबाईलवर ती नव्हतीच. मी लपवली होती. न कळत, पण मीच. तू सगळं वाचलंस. जेवढं होतं तेवढं सगळं."

वर्षाने कागद वाचला. दोनदा वाचला. मग ती व्हरांड्यातच खाली बसली. रडली नाही. आई धावत आली आणि तिला पोटाशी धरून बसली. "माफ कर मले, बाई, मी बोलली तुले." मी उभी होते. मला कोणी धरलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

जाताना वर्षाने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "हे मी सांगून कोणी मानणार नाई. तांड्यावर येऊन तुम्ही सांगा. काकीसमोर."

"येते."

"याल खरंच?"

२७ सप्टेंबर, बुधवार

विमलताईंच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांना आधी कळेचना. "पण मी डोळ्यांनी पाह्यली न चौकट!" मी साइटच्या चाचणीसाठीच्या प्रतीत ते चार ओळींचं कोड पुन्हा घालून त्यांच्याच फोनवर दाखवलं, चौकट गेली, काढलं, चौकट आली. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. चष्मा काढला. "मी त्या बैठकीत काय बोलली, उर्वशी. मेलेल्या माणसायले दोष देऊन आली मी."

त्यांनी त्याच दिवशी साइटवर पहिल्या पानावर निवेदन टाकायला लावलं. ३१ ऑगस्ट ते १८ सप्टेंबर मोबाईलवर इशारा दिसत नव्हता, चूक आमची. खाली स्वतःची सही. मी म्हणाले माझं नाव टाका. त्या म्हणाल्या, "मजकूर माहा, जबाबदारी माही. तुले जिथं सांगायचं तिथं तू सांग."

सरांनी दुपारी बोलावलं. निवेदन त्यांनी वाचलं होतं. "तुले एकच गोष्ट सांगितली होती." उद्यापासून यायचं नाही. टेबलाचा खण रिकामा करताना मला काहीच वाटलं नाही. ऑफिसातून बाहेर पडले आणि रस्ता कसा ओलांडला ते कळलं नाही, रिक्षावाला ओरडला तेव्हा भानावर आले.

३० सप्टेंबर, शनिवार

हिरासिंगांना घरी सोडलं. उजव्या डोळ्याने दिसतं, डाव्याने अजून माणसाची सावलीच दिसते. भावाचं त्यांना वॉर्डातच सांगितलं. आई तिथं होती. काय झालं ते तिने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

आज तांड्यावर गेले. आर्णीच्या एसटीने, मग फाट्यापासून पायी. आई येते म्हणाली होती, मी नको म्हटलं.

वर्षा रस्त्यावरच उभी होती. मी येईन असं तिला वाटलं नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसलं. घरापुढच्या अंगणात वीसेक माणसं जमली होती. हिरासिंग बाजेवर, शेजारी त्यांची बायको सुखीबाई. समोर उंबऱ्यात भीमसिंगांची बायको धनीबाई, माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठी, मांडीवर दीड वर्षाची पोर.

मी उभ्यानेच सांगितलं. क्लास-बिस काही बोलले नाही. म्हणाले, औषधं एकत्र करू नका अशी सूचना होती. माझ्या चुकीने ती मोबाईलवर झाकली गेली. एकोणीस दिवस कोणालाच दिसली नाही. वर्षाने जे होतं ते बरोबर वाचलं. नंतर मी ती गुपचूप परत आणली आणि चार दिवस ऑफिसबाहेर कोणाला सांगितलं नाही, म्हणून वर्षाला वाटलं तिचंच चुकलं. तिचं काही चुकलं नाही.

एक म्हातारा सुखीबाईंना त्यांच्या भाषेत काही विचारत होता, त्या हळूहळू सांगत होत्या. हिरासिंगांनी चांगला डोळा माझ्यावर रोखला होता. त्यात राग होता का ते मला कळलं नाही.

मग धनीबाईने विचारलं, "ते दिसलं असतं तं?"

मला आधी प्रश्न समजला नाही.

"ते लिहेल दिसलं असतं, तं माहा माणूस थांबला असता का?"

मी इथवर येताना हजार गोष्टींची तयारी केली होती, याची नाही. म्हणाले, "मला माहीत नाही."

"मले माहीत हाये." ती अगदी शांतपणे म्हणाली. "थांबला असता. वर्षा नाई म्हणे, तं तो बिडीही खिशात ठेवून द्यायचा."

अंगणात कोणीतरी हुंदका दिला. तो वर्षाचा होता. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

धनीबाईने तिच्याकडे पाहिलं. मग मांडीवरची पोर उचलून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "घे इले. मले भाकरी टाकायच्या हायेत."

वर्षा जागची हललीच नाही. सुखीबाईंनी तोंडाला पदर लावला. माझ्या बाजूची बाई आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तो गेल्यापासून धनीनं पोरगी दिली नव्हती हो वर्षाच्या हातात."

वर्षाने पोर घेतली. पोरीने लगेच तिच्या वेणीच्या रिबिनीचा गोंडा तोंडात घातला. धनीबाई उठून आत गेली. माणसं एकेक करून पांगली. मला कोणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी गेले ते बरं केलं की नवं दुखणं देऊन आले, मला ठरवता येत नाही. थोडा वेळ तिथंच उभी राहिले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.